तू अजून शाखेत जायलास?

मित्रांनो, बारावी झाली की आपल्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. गल्लीतलं क्रिकेट सुटतं, गणपतीची वर्गणी मागत फिरणं सुटतं, चित्रकलेची वही कुठं गेली ते आठवतही नाही. त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. माझी मात्र एक गोष्ट सुटली नाही आणि तिच्याबद्दल मला दर आठवड्याला विचारणा होते. शनिवारी साडेचारला मी बूट घालायला लागलो की रूममधून आवाज येतो, "तू अजून त्या शाखेत जायलास? लहान लेकरांचा खेळ हाय की रे तो!"

शाखा म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं वेगळं चित्र येतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. ही राष्ट्र सेवा दलाची शाखा. आठवड्यातून एकदा तास-दीड तास मुलं-मुली एकत्र जमतात. खेळ, गाणी, साने गुरुजींची प्रार्थना, एखादी गोष्ट आणि शेवटी गप्पा. फी नाही, मार्क नाहीत. मी लातूरला पाचवीत असताना मैदानावर लगोरी चालली होती म्हणून गेलो. लोकशाही, समाजवाद, धर्मनिरपेक्षता हे शब्द फार नंतर कळले. आज फायनल इयरला आहे आणि इथं नांदेडला विष्णुपुरीजवळच्या एका वस्तीत शाखा घेतो.

'लहान लेकरांचा खेळ' या वाक्यावर मी बराच विचार केला. ४ जून १९४१ रोजी पुण्यात सेवा दलाची नव्यानं उभारणी झाली, तेव्हा पहिले दलप्रमुख एस. एम. जोशी ३६ वर्षांचे होते आणि साने गुरुजी ४१ वर्षांचे. म्हणजे मुलांसाठीचं हे काम पहिल्यापासून मोठ्यांनी हौसेनं अंगावर घेतलेलं आहे. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी पुढं सिनेमा-नाटकात गाजली, पण त्याआधी ती सेवा दलाच्या कलापथकात होती. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तरी इथली पोरंही गप्प बसलेली नव्हती. १९३८ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. शेकडो जणांची नावं काढून टाकण्यात आली आणि त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. त्यांच्यात पी. व्ही. नरसिंह राव होते. हॉस्टेल म्हणजे फक्त मेस आणि सबमिशन नव्हे, एवढं तरी त्यावरून कळतं!

पण मी शाखेत टिकलो तो इतिहास वाचून नव्हे. मी टिकलो तो एका दादामुळे.

२०१६ चा उन्हाळा. मी सहावीत होतो. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळं शहर आनंदात. त्या शनिवारी आमची शाखा घेणारा दादा आला. तो तेव्हा पॉलिटेक्निकला होता आणि त्याची परीक्षा तोंडावर होती. त्यानं भाषण केलं नाही. जमिनीवर काडीनं आकडे लिहिले आणि म्हणाला, "२०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती तीन लाख ब्याऐंशी हजार आहे. करा भागाकार." उत्तर आलं, माणशी सव्वा लिटरहून थोडं जास्त. म्हणजे एका वेळचा तांब्या. पोरं एकदम शांत झाली. मग आम्ही प्रत्येकानं आपल्या घरी दिवसाला किती घागरी लागतात ते मोजायचं ठरवलं. कुणाकडं बोअर होता, कुणाची आई रात्री दोनला रांगेत उभी राहायची. एकाच गल्लीतल्या घरांत एवढा फरक असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला वाटतं, मी इंजिनिअरिंगकडे वळलो त्याचं मूळही त्या भागाकारात आहे.

आता तो दादा मी आहे, आणि या बाजूनं काम अगदी वेगळं दिसतं. लहानपणी वाटायचं, शिबिर म्हणजे शेकोटी आणि गाणी. आता कळतं की शिबिर म्हणजे सतरंज्या मोजणं, एसटीच्या भाड्याचा हिशोब, विहिरीला कठडा आहे का ते आधी जाऊन बघणं, कुणाला कसली गोळी द्यायची ते वहीत लिहिणं आणि पहिल्या रात्री "आईकडं जायचंय" म्हणून रडणाऱ्या पोराजवळ जागत बसणं. यातलं कुठलंच काम बायोडाटात लिहिता येत नाही. पण ते कोणी केलं नाही तर गाणं म्हणायला कोणी जमणारच नाही. लेकरं ते करू शकत नाहीत, आणि ज्यांच्यावर संसाराचा भार आहे त्यांना दर शनिवार जमत नाही. राहतो कोण? अठरा ते पंचवीस वयातले आपण.

आमच्या वस्तीतली काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जाणं भाग असतं. लेकरंही बरोबर जातात. शाखेतली चार-पाच तोंडं एका शनिवारात कमी होतात. पाडव्याच्या सुमाराला ती परत येतात. गेल्या वर्षी असाच एक सहावीतला पोरगा आला आणि भिंतीला टेकून लांबच उभा राहिला. पाच महिन्यांत खेळ बदलले होते, नवी पोरं आली होती. मी त्याला नावानं हाक मारली, "आलास? ये, लंगडीला एक गडी कमी पडायलाय." तो खेळला. जाताना मला म्हणाला, "दादा, तुमाला माझं नाव ध्यानात हाय?"

मित्रांनो, माझ्या दृष्टीनं 'टिकून राहणं' याचा अर्थ एवढाच आहे. लेकरू परत येईल तेव्हा त्याचं नाव ठाऊक असलेलं माणूस तिथं असलं पाहिजे. दर वर्षी नवा दादा आला तर प्रत्येकाचा उत्साह ताजा असेल, पण नाव कुणालाच माहीत नसेल. मुलींच्या हॉस्टेलमधली माझी एक सहकारी तीन वर्षं त्या वस्तीत येते. पहिल्या वर्षी एकाही आईनं लेकीला शिबिराला पाठवलं नाही. तिसऱ्या वर्षी सात मुली आल्या. आम्ही काही वेगळं बोललो नव्हतो. आम्ही फक्त येत राहिलो होतो.

याचं मोठं उदाहरण आपल्या भागातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आमच्या घरी अजून त्या रात्रीच्या गोष्टी निघतात. तेव्हा देशभरातून मदत आली, ट्रकच्या ट्रक आले आणि काही महिन्यांत बरेचसे परत गेले. तेही गरजेचंच होतं. पण अनाथ झालेल्या लेकरांना काही महिने पुरत नाहीत. सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी पुढाकार घेऊन नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं आणि ते काम वर्षानुवर्षं चालू राहिलं.

कॉलेजात आपल्याला एनएसएस आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालेली ही योजना चांगलीच आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. माझे कितीतरी मित्र तिथं पहिल्यांदा फावडं धरायला शिकले. माझा प्रश्न दोनशे एक्केचाळिसाव्या तासाचा आहे. तो तास कुठंच मोजला जात नाही, म्हणून तो आपलाच असतो.

घरचं म्हणणं वेगळं आहे. वडील म्हणतात, "आधी पोटाला लाग, मग कर काय समाजसेवा करायची ती." त्यांचं चूक म्हणवत नाही, घरचं कर्ज मला ठाऊक आहे. म्हणून मी अभ्यास सोडून शाखेत जात नाही. आम्ही तिघं आळीपाळीनं जातो. ज्याची व्हायवा असेल त्यानं थांबायचं, पण एकही शनिवार कोरा जाऊ द्यायचा नाही. मात्र 'मग'वर माझा फारसा विश्वास नाही. विशीत तुटलेला धागा पस्तिशीत हाताला लागलेला मी तरी फारसा पाहिला नाही.

आता खरी अडचण सांगतो. जूनमध्ये मी नोकरीसाठी पुण्याला जाणार आहे. उन्हाळी शिबिराला दर वर्षी रजा काढून येईन असं ठरवलंय, पण दर शनिवार काही नांदेडला येणं होणार नाही. माझी सहकारीही पास होऊन जाईल. उरतो एक जण, आणि एकट्यानं हे होत नाही. सेकंड इयरमधले दोघं-तिघं हवे आहेत. गाता आलं पाहिजे असं नाही, भाषण तर नकोच. शनिवारी पावणेपाचला हॉस्टेलच्या गेटवर या. पहिला महिना फक्त एकच काम: सगळ्या लेकरांची नावं पाठ करायची.