पायांनी मिळविलेली शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती हा शब्द कानी पडला की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. कंदिलाच्या उजेडात पुस्तकावर वाकलेला एक कृश मुलगा, त्याच्या मागे ओसरीवर बसून माळ ओढणारी आजी, आणि निकालाच्या दिवशी देवळाच्या चौकात त्याच्या पाठीवरून फिरणारा एखाद्या वयोवृद्ध महाजनाचा हात. वृत्ती म्हणजे उपजीविका. शिष्याने विद्या मिळवावी आणि त्याच्या पोटाची चिंता दुसऱ्या कोणीतरी वाहावी, हा त्या शब्दाचा मूळ आशय. विद्या पोथीतली, हे मात्र आम्ही सर्वांनी गृहीतच धरले होते. कोणी वेगाने धावतो म्हणून त्याला रसायनशास्त्र फुकट शिकवावे, हा विचार आमच्या फोंडे महालात कोणी बोलून दाखविला असता, तर त्याच्यासाठी देवापुढे गाऱ्हाणेच घातले गेले असते!

सन २०२५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आमच्या धाकट्या कन्येकडे काही महिने राहण्याचा योग आला. तिची थोरली मुलगी, म्हणजे आमची नात, शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. ती ८०० मीटरची शर्यत धावते. चारशे मीटरच्या गोल मार्गाचे दोन फेरे. शरद ऋतूत हेच विद्यार्थी माळरानांतून आणि झाडीतून पाच किलोमीटर धावतात. पहाटे साडेपाचला घरातला दिवा लागे. आमची संध्या आटोपेपर्यंत ही मुलगी थंडीत चार मैल धावून आलेली असे. प्रातःकाळच्या नेमाचे मोल आम्हांस ठाऊक आहे. त्यामुळे तिच्या या नेमाविषयी आदर वाटण्यास फार दिवस लागले नाहीत. घरात मात्र त्या वेळी एका वेगळ्याच विषयाची धग होती. तिला कोणत्या महाविद्यालयात धाडावे, आणि तिच्या धावण्याच्या बळावर फीचा किती भार हलका व्हावा, हा तो विषय.

त्या देशात महाविद्यालयांमधील सामन्यांची परंपरा जुनी आहे. हार्वर्ड आणि येल यांच्यातील पहिली नौकाशर्यत १८५२ सालची. १९०६ साली या खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिला आज सर्वत्र एन. सी. ए. ए. या आद्याक्षरांनी ओळखतात. केवळ क्रीडानैपुण्यावर पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मोकळीक या संघटनेने १९५६ साली दिली. १९७२ साली 'टायटल नाइन' हा कायदा झाला आणि शिक्षणसंस्थांना मुलींच्या बाबतीत भेदभाव करण्यास मनाई झाली. आमची नात आज ज्या दारातून आत जाऊ पाहत होती, ते दार मुलींसाठी रुंद उघडले ते त्या कायद्याने.

तथापि हे दार दुरून दिसते तितके सताड उघडे नाही. शाळांतून खेळणाऱ्या मुलामुलींची संख्या त्या देशात ऐंशी लाखांहून अधिक आहे, आणि त्यांपैकी सुमारे दोन टक्क्यांनाच महाविद्यालयाची क्रीडा-शिष्यवृत्ती मिळते, असे ही संघटना स्वतःच सांगते. शिवाय महाविद्यालयांचे तीन विभाग आहेत. पहिल्यात दूरदर्शनवर झळकणारी मोठी विद्यापीठे येतात. दुसऱ्यातील संस्था बहुधा अंशतः शिष्यवृत्ती देतात. तिसरा विभाग संख्येने सर्वांत मोठा. पण तेथे खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, जे साहाय्य मिळते ते गुणांवर किंवा गरजेवर. हार्वर्ड, येल आदी आठ जुनी विद्यापीठे पहिल्या विभागात असूनही १९५४ च्या आपल्या करारानुसार क्रीडा-शिष्यवृत्ती देत नाहीत.

आणि केवळ पायांत बळ असून भागत नाही, ही गोष्ट आमच्या मनाला विशेष भावली. पहिल्या व दुसऱ्या विभागात खेळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेच्या वरच्या चार इयत्तांत भाषा, गणित, शास्त्र, समाजशास्त्र अशा मूलभूत विषयांचे सोळा अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. त्यांत चारांपैकी किमान सरासरी गुणांक पहिल्या विभागासाठी २.३ आणि दुसऱ्यासाठी २.२ असावा लागतो. पहिल्या विभागासाठी तर सोळांपैकी दहा अभ्यासक्रम शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच आटोपलेले हवेत. म्हणजे जो मुलगा नववीत पुस्तक बाजूला सारतो, त्याला बारावीतला वेग तारू शकत नाही. सरस्वतीला डावलून मारुतीची उपासना तेथेही फळत नाही!

दहावीचे वर्ष संपल्यावर १५ जूनपासून बहुतेक खेळांत प्रशिक्षकांना विद्यार्थ्याशी थेट बोलता येते. त्याआधीच नातीने आपली वेळपत्रके, गुणपत्रके आणि एक छोटे पत्र तयार करून चाळीसएक प्रशिक्षकांना धाडले होते. पत्रे तिने स्वतः लिहिली. आईबापांनी लिहिलेले पत्र प्रशिक्षक दोन ओळींत ओळखतात, असे ती म्हणाली. अनेकांची उत्तरे आली नाहीत. काहींनी, अमुक सेकंदांच्या आत आलीस तर पुन्हा लिही, असे कळविले. धावण्याच्या खेळात ही एक मोठी सोय आहे. येथे वशिला चालत नाही, कारण घड्याळ कोणाची भीड धरीत नाही.

शेवटी दोन पत्रे समोर राहिली. एक दुसऱ्या विभागातील महाविद्यालयाचे. त्याने शिक्षणशुल्काचा एक-तृतीयांश भाग क्रीडा-शिष्यवृत्ती म्हणून देऊ केला होता, आणि गुणांबद्दल आणखी काही रक्कम. ही एक-तृतीयांशाची भानगड आम्हांस प्रथम उमगेना. मग जावईबापूंनी कागद पुढे ओढून समजाविले. त्या विभागात मैदानी शर्यतींच्या महिला संघाला सर्व मिळून १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे; प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून साऱ्या चमूत वाटतो. सहा-दशांश शिष्यवृत्ती ही कल्पना ऐकून आम्हांला देवळातील प्रसादाच्या वाटणीची आठवण झाली. नारळ एक, आणि हात पुष्कळ. दुसरे पत्र तिसऱ्या विभागातील एका लहान महाविद्यालयाचे. तेथे धावण्याबद्दल काही नाही. परंतु गुणांवर दिलेली रक्कम चांगली. तरीही पहिल्या ठिकाणी घरावर पडणारा बोजा कमी होता, आणि घरात पाठचा भाऊ दोन वर्षांनी महाविद्यालयात जायचा होता.

घरात दोन पक्ष पडले. जावईबापूंनी आठ वर्षे पहाटे गाडी हाकली होती. ती शिष्यवृत्ती त्यांना लेकीच्या कष्टांवरची मोहोर वाटत होती. आमची कन्या म्हणाली, "बाबा, हा पैसा नाही, हा करार आहे. पाय मुरगळला तर काय?" गोव्याहून फोनवर आमच्या सौभाग्यवतींनी सुचविले की देवाला कौल लावावा. नात शांतपणे ऐकत होती. मग तिने आम्हांला विचारले, "आजोबा, शिष्यवृत्ती घेतली म्हणजे मी त्यांची नोकर होते का?"

हा प्रश्न पोरकट नव्हे. त्या देशाने तो न्यायालयात सोडविण्याचा प्रयत्न केलेला आहे. कोलोरॅडो राज्यातील एका महाविद्यालयाचा फुटबॉल खेळाडू १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालयाला फुटबॉलचा धंदा नाही, म्हणून खेळाडू हा त्याचा नोकर नव्हे, असा त्या निकालाचा आशय. खेळाडूला 'विद्यार्थी-क्रीडापटू' म्हणण्याची प्रथा त्याच दशकातली. तो शब्द कामगार-भरपाईच्या दाव्यांच्या धास्तीतून घडविला गेला, असे संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. आणि २०२५ सालच्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर पहिल्या विभागातील विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याचीही मुभा मिळाली आहे. शिष्य कोठे संपतो आणि सेवक कोठे सुरू होतो, ही रेषा तेथे अजून सरकतेच आहे.

आम्ही नातीला एवढेच म्हणालो, "बाळ, नोकर आणि शिष्य यांतला भेद अटींवरून कळतो. अटी वाच, आणि ज्या कागदावर नाहीत त्या विचार." तिने त्या रात्री प्रशिक्षकाला पत्र लिहून चार गोष्टी विचारल्या. दुखापत झाल्यास ही रक्कम राहील का? पुढल्या वर्षी ती कोण ठरविणार, आणि कधी? दुपारच्या प्रयोगशाळेची वेळ सरावाशी भिडली तर कोणी माघार घ्यायची? आणि मागील चार वर्षांत संघात आलेल्यांपैकी किती मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या?

उत्तर तीन दिवसांनी आले, आणि ते सरळ होते. करार एका वर्षाचा. त्या वर्षात दुखापतीमुळे वा मंद धावण्यामुळे रक्कम कापता येत नाही. नियमच तसा आहे. पुढल्या वर्षाचा निर्णय १ जुलैपर्यंत लेखी कळवावा लागतो, आणि रक्कम घटविली किंवा बंद केली तर विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या समितीपुढे दाद मागता येते. हंगामात सरावाची मर्यादा आठवड्याला वीस तास. प्रयोगशाळा असेल त्या दिवशी ती सकाळी एकटी धावू शकेल. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात वर्षवार आकडे होते, आणि ते लपवावेत असे नव्हते.

नातीने ती शिष्यवृत्ती स्वीकारली. स्वीकारताना तिने वडिलांना सांगितले की दुसऱ्या वर्षी रक्कम थांबली तर उन्हाळी कामातून भर घालण्याचा हिशेब तिने आधीच मांडून ठेवला आहे. आईला सांगितले की भावासाठी जे वाचेल ते वेगळे ठेवा. कौलाविषयी आजीला ती म्हणाली, "आजी, देवाला विचारण्याआधी मी प्रशिक्षकाला विचारलं, आता तू देवाला फक्त सांग." सौभाग्यवतींना हे उत्तर पसंत पडले. आमच्या मनात मात्र अभिमानाच्या शेजारी थोडी काळजी अजून बसून आहे. अठराव्या वर्षी आपल्या श्रमाचा करार वाचावा लागणे ही गोष्ट बरी की वाईट, हे आम्हांस निश्चयाने सांगता येत नाही. ती अजाणतेपणी त्यात शिरली नाही, एवढे समाधान पुरेसे मानतो.

आपल्याकडेही अंगबळाला आश्रय देण्याची रीत नवी नाही. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडू यांना आपल्या सैन्यात कॅप्टन केले, आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गहाणखतात खाशाबांवर कसलीच अट नव्हती. गुरूने शिष्यासाठी वाहिलेली ती वृत्ती होती, शब्दाच्या मूळ अर्थाने.

संस्थाने गेली, देवस्थाने आहेत. आमच्या बहुतेक देवस्थानांतून आणि ज्ञातिसंस्थांतून दरवर्षी गुणवंतांचा गौरव होतो, नारळ, शाल आणि पाकीट दिले जाते. ते पाकीट गुणपत्रिकेच्या वजनावर ठरते. त्यांतले एखादे, धावणाऱ्या, पोहणाऱ्या, मल्लखांबावर चढणाऱ्या गरीब मुलामुलींसाठी राखून ठेवावे, अशी आमची महाजनांस विनंती आहे. अमेरिकेकडून त्यासाठी दोन गोष्टी घ्याव्यात: अभ्यास सुटला तर वृत्ती सुटेल हा दंडक, आणि सारे काही लेखी ठेवण्याची शिस्त. एक गोष्ट खर्डेकर सरांकडून घ्यावी: हरल्यास पैसे परत मागू नयेत. एवढे झाले तर पुढील जत्रेच्या आधी देवळाच्या तळ्याभोवती पहाटे धावणाऱ्या एखाद्या पोरीला, ही वेळ फुकट घालवतेस, असे कोणी म्हणणार नाही.