पायथ्याचा रस्ता

२३ जानेवारी २०२५, गुरुवार. शेंदूरजनाघाट

पुतण्या सकाळी पुण्याहून आला. सायकल त्याने ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून आणली होती. दिवाळीत त्याच्या डोक्यात भूमध्य समुद्रातले मेनोर्का बेट होते. तिथे बेटाला वळसा घालणारी १८५ किलोमीटरची जुनी वाट आहे. किनाऱ्यावर गस्त घालणारे घोडेस्वार पूर्वी ती वापरत. पुढे ती मोडली, मालकीच्या कुंपणांत अडकली आणि २०१० मध्ये लोकांसाठी पुन्हा खुली झाली. आता लोक तिच्यावरून पायी किंवा सायकलने जातात. "काका, तिथं गाईड नसतो. नकाशा घ्यायचा अन् मनात येईल तिथं थांबायचं," असे तो सांगत होता. मी म्हटले, आधी घरून निघून बघू.

मनात येईल तिथे थांबायचे, ही गोष्ट मला पटली. आमच्याकडे समुद्र नाही, पण वरूडहून पश्चिमेला निघाले की उजव्या हाताला सातपुडा लागतो आणि परतवाड्यापर्यंत तो सुटत नाही. डाव्या हाताला वऱ्हाडची काळी जमीन. डोंगर जिथे संपतो आणि मैदान सुरू होते, त्या काठाकाठाने जायचे ठरले.

सामान आटोपशीर ठेवले: दोन ट्यूब, पंप, ठिगळे, सोल्युशन, पाना, एक शाल, दोन कपडे. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूब आधी, कपडे नंतर. माझी सायकल बिनगिअरची.

२४ जानेवारी, शुक्रवार. मोर्शी

निघण्यापूर्वी त्याला गावाबाहेरच्या रोपवाटिकांमध्ये नेले. शेंदूरजनाघाटचा मुलगा पुण्यात जाऊन संगणकाचे काम करतो, पण कलम कसे होते हे त्याने नीट पाहिले नव्हते. वाफ्यांत जंबेरीची रोपे बोटाएवढी जाड झाली होती. कारागीर उकिडवा बसतो, खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देतो, चांगल्या झाडाच्या काडीवरून संत्र्याचा डोळा सालीसकट काढतो, छेदात सरकवतो आणि पट्टीने बांधतो. सगळे काही सेकंदांत. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटायचा. खाली मुळे जंबेरीची, वर झाड संत्र्याचे. ही कलमे मध्य प्रदेश, राजस्थानापर्यंत जातात.

"डोया हिरवा रायला म्हंजे लागला समजा," तो कारागीर म्हणाला, "काया पडला का गेला." पुतण्याने त्याच्या शेजारी बसून दोन डोळे बांधून पाहिले. ऊन वर येईपर्यंत आम्ही तिथेच होतो. गाडीने निघालो असतो तर तिथे उतरलोसुद्धा नसतो.

आंबिया बहार नुकता फुटू लागला आहे. डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण दिलेला असतो. ताण मोडून पाणी सोडले की फांदी पांढऱ्या कळ्यांनी भरते. त्याच धुऱ्याच्या पलीकडे मृगाच्या बहाराची फळे पिवळी पडू लागली आहेत. एका बाजूला फूल, एका बाजूला फळ, आणि मधल्या रस्त्यावर तो वास. सायकलवर असलो की वास आधी येतो, बाग नंतर दिसते.

वरूड, जरूड, बेनोडा. बेनोड्याच्या नावापुढे शहीद लावतात. ऑगस्ट १९४२ मध्ये इथले लोक उठले, गोळीबार झाला, माणसे गेली. आष्टी, चिमूर, यावली यांच्याबरोबर बेनोड्याचे नाव घेतले जाते, पण वऱ्हाडाबाहेर ते कमी जणांना ठाऊक आहे. आम्ही उतरलो, हात जोडले आणि पुढे निघालो.

हिवरखेडच्या अलीकडे पाण्यासाठी एका वावरात शिरलो. शेतकऱ्याने माठ पुढे केला.

"सायकलनं? काऊन जी, गाडी नाई का?"

"आहे. सुटीवर आहो."

त्याला हे उत्तर पुरले. मग त्याने आपली गोष्ट सांगितली. वडिलांच्या काळी विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होते. नंतर बोर आले. त्याचा तिसरा बोर हजार फुटांकडे गेला आहे आणि उन्हाळ्यात तोही दम टाकतो. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून सरकारी कागदावर कधीचे नोंदले गेले आहेत. संत्र्याने या मुलखाला पैसा दिला, शाळा-कॉलेजे दिली, माझ्या घराला दिली. पण जमिनीतून काढलेले पाणी परत जमिनीत घालण्याचे काम आम्ही त्या प्रमाणात केलेले नाही. बाग बघायला येणाऱ्याला ही बाजूही दिसली पाहिजे.

२५ जानेवारी, शनिवार. मोर्शी, सालबर्डी

रात्री मावसबहिणीकडे मुक्काम. पहाटे तिने शाल आणि स्वेटर दोन्ही घालायला लावले. "पायटे लय थंडी असते रे, दादा." खरोखर होती.

सालबर्डी मोर्शीपासून आठेक किलोमीटर. गाव अर्धे महाराष्ट्रात, अर्धे मध्य प्रदेशात. नदी गोट्यांमधून वाहते, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतो आणि सायकली ठेवून पायी चढावे लागते. महाशिवरात्रीला गुहेतल्या महादेवासाठी इथे माणूस मावत नाही. आज वाटेवर शेळ्या होत्या, एक बाई जळण घेऊन उतरत होती, बाकी कोणी नव्हते.

मी इथे अनेकदा आलो आहे, पण यात्रेच्या गर्दीत. रिकामी सालबर्डी वेगळी आहे. महानुभाव परंपरा सांगते की श्रीचक्रधरस्वामींनी याच डोंगरात तप केले. लीळाचरित्राच्या पहिल्या भागाला एकांक म्हणतात. स्वामी एकटे फिरत होते त्या काळाच्या लीळा त्यात आहेत. मराठी गद्याचा आपला सर्वांत जुना मोठा ग्रंथ एका एकट्याच्या भटकंतीपासून सुरू होतो, हे मी पुतण्याला चढताना सांगितले. तो थांबला आणि म्हणाला, "काका, हे आम्हाला शाळेत असं कोणी सांगितलं नाही." सालबर्डीच्या चढावर सांगितले तर ते लक्षात राहते, एवढे मला नक्की वाटते.

याच रांगेत, सीमेपलीकडे बैतूल जिल्ह्यातल्या धारूळ गावाकडे, २००७ मध्ये अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सोबत्यांना रंगवलेल्या शैलगुहा सापडल्या. खडकाच्या छताखाली प्राणी काढलेले, लाल आणि पांढऱ्या रंगांत. नंतर शोध वाढत गेला तशा गुहांची संख्या वाढत गेली. शोध घेणारे कुठल्या मोठ्या मोहिमेवर आलेले नव्हते. सुटीच्या दिवशी डोंगर हिंडणारी ही माणसे होती. तिकडे आम्ही गेलो नाही. ती वाट जंगलाची आहे. माहितगार सोबत आणि परवानगी नसताना जाऊ नये.

२६ जानेवारी, रविवार. चांदूर बाजार

प्रजासत्ताक दिन. प्रत्येक गावात शाळेपुढे रांगा, पांढरे कपडे, तेल लावून चोपडलेले केस. एका शाळेने आम्हाला थांबवूनच घेतले. झेंडावंदन झाले, हातावर बुंदी पडली आणि एका मुलीने पुतण्याच्या सायकलच्या गिअरला बोट लावून विचारले, "याले किती बटना हाय?" त्याने तिला मैदानात दोन चकरा मारू दिल्या. मग अख्खी शाळा रांगेत उभी राहिली आणि आमचा तासभर तिथे गेला. फार चांगला गेला.

रिद्धपूर दुपारी. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचे गाव. चक्रधर गेल्यावर त्यांचे शिष्य इथे गोळा झाले आणि म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून विचारून, तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र इथे सिद्ध केले. आता मराठी भाषा विद्यापीठही याच गावात सुरू झाले आहे. ते मुंबईत किंवा पुण्यात न जाता रिद्धपूरला आले, हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. फक्त विद्यापीठात येणाऱ्या मुलांना सालबर्डी ते रिद्धपूर हा रस्ता एकदा तरी पायी नाहीतर सायकलने करायला लावावा.

संध्याकाळी चांदूर बाजार. पंक्चर एक, काटा बाभळीचाच.

२७ जानेवारी, सोमवार. परतवाडा

बहिरमची यात्रा सरत आली आहे. ती २० डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. डोंगरावर बहिरमबुवा, खाली राहुट्या, मातीच्या हंड्या, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. आम्ही वांग्याची भाजी आणि रोडगे खाल्ले, वरून तूप. त्यानंतर सायकल चालवणे अवघड गेले.

बहिरमहून परतवाड्याकडे येताना जमीन बदलते. काळी माती मागे पडते, गोटे वर येतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा हा पट्टा. भूजलाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी इथे चटकन मुरते. इथून दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर-अकोल्याकडे, खारपाणपट्टा लागतो. तिथे जमिनीखालचे पाणी तोंडात धरवत नाही. डोंगराला लागून गोडे, त्याच्यापुढे खारे. एका दिवसाच्या रपेटीच्या अंतरात पाण्याची चव अशी फिरते. सपन, बिच्छन या नद्यांच्या पात्रांत ट्रॉल्या उभ्या दिसल्या. ज्या वाळूतून आणि गोट्यांतून पाणी मुरायचे, ती वाळूच उचलून न्यायची, याला माझा सरळ विरोध आहे.

अचलपूरला जुनी नॅरोगेज शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून यायची. गाडी बंद आहे, रुळांवर गवत आहे. पुतण्या म्हणाला, या रुळांच्या बाजूने सायकलची पट्टी का करत नाहीत? लोकांना गाडी हवी आहे, तिच्यासाठी आंदोलने झाली आहेत. आधी गाडी, हे माझे मत त्याला सांगितले.

२८ जानेवारी, मंगळवार. चिखलदरा

धामणगाव गढीपासून घाट. परतवाड्यापासून वरपर्यंत तीसेक किलोमीटर, आणि चढ सातशे मीटरच्या वर. पुतण्या गिअर टाकत गेला. मी अर्धा घाट सायकल हातात धरून चढलो, आणि त्यामुळेच साग, सालई, धावडा एकेक करून बघायला मिळाले. मोथ्याला गवळ्यांची वस्ती. तिथे घट्ट दुधाचा चहा.

वर हवा थंडगार. कॉफीची झुडपे दिसली. महाराष्ट्रात कॉफीसाठी चिखलदऱ्याचेच नाव घेतात. गाविलगडावर उन्हे उतरताना पोहोचलो. बहमनी अहमदशहाने १४२५ मध्ये बांधून घेतलेला आणि आर्थर वेलस्लीच्या फौजेने १५ डिसेंबर १८०३ ला घेतलेला हा किल्ला. तटावरून दक्षिणेला पाहिले की आपण आलो तो सगळा काठ खाली पसरलेला दिसतो: बागांचे गडद चौकोन, मधून नद्या, पलीकडे धूसर मैदान.

२९ जानेवारी, बुधवार. चिखलदरा

पुतण्या उद्या इथूनच अमरावतीमार्गे पुण्याला जाईल. मेनोर्काला तो जाणारच आहे, जावे.

इथे कुणाला यायचे असेल तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात या. थंडी असते, आंबिया फुलत असतो, बहिरमची यात्रा संपलेली नसते. नरखेड-अमरावती रेल्वेमार्गावर वरूड ऑरेंज सिटी या नावाचे स्टेशनच आहे. तिथून शेंदूरजनाघाट जवळ. मोठा रस्ता टाळून गावांमधून जा, सकाळी अकराच्या आत निम्मे अंतर कापा, दोन ट्यूब ठेवा. बागेत शिरण्याआधी मालकाला हाक मारा. तो पाणी देईल, बहुतेक संत्रीही देईल. फळांचे पैसे तो घेणार नाही, म्हणून निघताना त्याच्याकडून टोपलीभर विकत घ्या.