साठमारी

नेसरीच्या खिंडीतून उसाचा वास घेऊन वारा येतो, आणि माझ्या डोक्यात नेहमी तो जुना हिशेब सुरू होतो. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथेच. जमाखर्च पोरालाही कळावा इतका उघड होता; तरी घोड्याला टाच त्यांनी स्वतः मारली. त्या विषम लढाईला तेज आहे ते या मारलेल्या टाचेचं.

ती टाच काढून घेतली की उरतो नुसता तमाशा. लंडनला टेम्सच्या दक्षिण काठी अस्वलाला साखळीने खांबाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडत. शेक्सपिअरची नाटकंही त्याच वस्तीत चालत. पहिल्या एलिझाबेथ राणीला हा खेळ आवडायचा; कायद्याने तो बंद व्हायला 1835 साल उजाडलं. गोऱ्यांच्या नावाने नाक मुरडावं, तर आमच्या कोल्हापुरात साठमारी होतीच. मदावर आलेल्या हत्तीला भाला टोचून, फडकं नाचवून चिडवायचं. तो अंगावर धावला की दगडी बुरुजाच्या अरुंद दारातून आत सटकायचं. साठमारांचं धाडस खोटं नव्हतं. पण हत्तीला कुणी विचारलं होतं? मागासवर्गीयांसाठी 1902 मध्ये 50 टक्के जागा राखणाऱ्या शाहू महाराजांच्या राज्यातला हा खेळ. महाराजांविषयीचा आदर तसूभर न ढळता हेही सांगायला हवं.

साठमार गेले. हत्ती मात्र आले, कर्नाटकच्या जंगलातून चंदगड, आजऱ्यापर्यंत. ऊस, केळी, माड रात्रीत आडवे होतात. ज्याचा फड गेला त्याच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. ठेवायची ती मोटारसायकलींवरून जमणाऱ्या हौशी गर्दीला. तिथे त्यांचं ना पीक, ना राखण. शिट्ट्या, फटाके, दगड, तोंडावर बॅटरीचा झोत आणि हातात मोबाईल. हत्ती वळला की पळायचं, थांबला की पुन्हा डिवचायचं. (याच जिल्ह्यातले हजारो लोक 2025 मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीसाठी रस्त्यावर उतरले होते!)

शिवारात हत्ती आला तर ज्याचं पीक आहे त्याने वनखात्याला कळवावं, पंचनामा करून भरपाई हक्काने घ्यावी. बाकीच्यांनी कृपा करून घरी थांबावं.