उतरण्याचा अभ्यास

सांगलीच्या सपाट भूमीवर वाढलेल्या मजसारख्यास डोंगर ही दुरून पाहण्याची वस्तु. कृष्णाकांठीं रोज पहांटे धांवतों, तेव्हां रानवाटांवरील ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन सहज साधेल, असा मला गर्व होता. गतवर्षीं तो निम्म्या वाटेवरच गळाला. चढ कसाबसा जिंकला. उतारावर मांड्यांनीं दगा दिला व मी एका दगडावर बसून राहिलों.

उतरतांना मांडीचा स्नायु ताणला जात असतांच देहाचा भार रोखून धरतो. म्हणून त्यास चढापेक्षां अधिक इजा पोहोंचते. सातारच्या आत्याबाईंनीं हेंच शास्त्रावांचून सांगितलें, "अरे, चढायला दम लागतो, उतरायला गुडघे!"

यंदा मी दर रविवारीं मिरजेपलीकडील दंडोबाच्या डोंगरावर जातों, आणि सुटींत आत्याबाईंकडे राहून अजिंक्यतारा चढतों, तो केवळ उतरण्यासाठीं. पाऊल आखूड, नजर चार पावलें पुढें. पहिल्या उताराची वेदना दोन दिवस राहते. तोच उतार पुनःपुन्हां केला असतां ती घटते. २०१२ पासून सातारच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनचे धांवपटु यवतेश्वराचा घाट धांवतात. तोहि मीं करून पाहिला. पण डांबर पायास फसवीत नाहीं, मुरूम फसवितो.

गेल्या आठवड्यांत अजिंक्यताऱ्याच्या दरवाज्यापासून पायथ्यापर्यंत पायवाटेनें एकदांहि न थांबतां उतरलों. दुसऱ्या दिवशीं घरचा जिना मात्र आत्याबाईंचा हात धरून उतरावा लागला.