माळ्यावरचा नाताळ

नाताळची आरास मांडायला घरातले सगळे हात पुढे येतात. उतरवायची वेळ आली की माणसं कुठे गडप होतात, देव जाणे. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की नाताळचा काळ संपतो, असं चर्चचं कॅलेंडर सांगतं. आमच्या वसईत त्यानंतरही काही खिडक्यांत चांदणी लुकलुकत राहते. त्यात भक्ती थोडी, आळसच जास्त.

बैठ्या घरात हा प्रश्न पडत नसे. गोठा म्हणजे सगळा शेतावाडीतलाच माल. भाताचा पेंढा, मातीचे डोंगर, फुटक्या आरशाचं तळं. डिसेंबर लागला की करवंट्यांत नाचणी पेरायची. नाताळपर्यंत ती बोटभर वर येई आणि गोठ्याभोवती कुरण तयार. चांदणी बांबूच्या कामट्यांची, वर पतंगाचा कागद गव्हाच्या खळीनं चिकटवलेला. झाड म्हणून किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी. सण सरला की पेंढा आणि नाचणी गुरांपुढे, माती वाडीत, फांदी चुलीत. चांदणीचा कागद तोवर दवानं सैल होऊन आपणच फाटलेला असे. आवरायचं म्हणून काही उरतच नसे.

संत फ्रान्सिसनं 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गोठ्याचा देखावा मांडला, तोही असाच: गव्हाणी, गवत, जिवंत बैल आणि गाढव. गवत लोकांनी जपून ठेवलं ते आजारी गुरांना चारण्यासाठी, असं त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस सांगतो. बैल आणि गाढव आपल्या पायांनी घरी गेले असणार. कुणाला स्टुलावर चढावं लागलं नाही.

आम्ही फ्लॅटमध्ये आलो आणि नाताळ माळ्यावर राहायला गेला. प्लास्टिकचं झाड, सोनेरी झिरमिळ्या, काचेसारखे दिसणारे गोळे, कापसाचा बर्फ. (वसईत बर्फ! दुपारी पंखा लावून आपण तो पसरतो.) आणि दिव्यांच्या माळा. जुन्या माळेत बल्ब एकापाठोपाठ जोडलेले असत, 230 व्होल्ट आपसांत वाटून घेणारे. एकाची तार तुटली की सगळी ओळ अंधारात. बाबा मग चष्मा कपाळावर सरकवून एकेक बल्ब काढून बदलून बघत, आणि ओळ लागली की आधी आम्हीच ओरडायचो. एलईडीची माळ बिघडली की तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. तरी ती टाकवत नाही. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून पिशवीत जाते आणि पुढच्या वर्षी नवी येते.

या वेळी मी माळा पूर्ण खाली केला. बंद माळा भंगारवाल्याला दिल्या, झिरमिळ्या बालवाडीला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला मात्र हात लावला नाही. त्यात आजीच्या लाल लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेली मातीची माणसं आहेत. एका मेंढीचा पाय काडेपेटीच्या काडीचा. रंग देताना गुल खरवडायचं राहिलं, म्हणून तिचा खूर अजून तपकिरी. काळ्या राजाच्या हातातली पेटी केव्हाच गेली, तरी तो दर वर्षी मोकळ्या हातानं टीव्हीच्या टेबलावरून निघतो आणि रोज वीतभर सरकत तीन राजांच्या सणाला गोठ्यात पोचतो. त्याला सरकवायचा मान धाकट्या नातवाचा. एवढा सगळा सोहळा एका डब्यात मावतो. बाकीचा पसारा त्याच्या शोभेसाठी आणलेला, आणि शोभेलाच जागा जास्त लागते.

राहिलं प्लास्टिकचं झाड. कुणाला हवंय का, म्हणून इमारतीत विचारलं. प्रत्येकाकडे एक आहेच. शेवटी जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुझं राहू दे गं, येशील तेव्हा माझंच घेऊन जा."