बिऱ्हाडाचे दप्तर

बदलीचा हुकूम हाती पडला की प्रथम कोणती वस्तू आठवते, यावरून माणसाची पारख करता यावी. आमच्या सौ.ला लोणच्याच्या बरण्या आठवतात. मला पुस्तकांच्या पेट्या. २०२२ साली गुवाहाटीहून दिल्लीस येताना आम्ही दोघेही एक लहानशी वस्तू विसरलो. रजईच्या घडीत ठेवलेली हार्ड डिस्क! रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमध्ये सामान सोडताना रजई झटकली गेली आणि ती फरशीवर पडली. संगणकाला जोडली तेव्हा आतून टक् टक् असा आवाज तेवढा येऊ लागला.

तीत माझ्या आजीच्या ओव्या होत्या. २०१४ च्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी, तिला जात्यापुढे बसवून मी त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पीठ कोणालाच नको होते. पण जात्याचा खुंटा हाती आल्यावाचून तिला ओवी आठवत नसे. आजी २०१७ साली गेली. दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले. एकेचाळीस ओव्यांपैकी आत्याच्या फोनवर पूर्वी पाठविलेल्या सहा तेवढ्या उरल्या आहेत.

त्या सहांसाठी, आणि मुलीच्या बोबड्या बोलांसाठीही, घरात एक दप्तरखाना असावा असे मी ठरविले. दप्तरखाना म्हणजे रात्रंदिवस जागा राहणारा एक छोटा संगणक, ज्याला आजकाल सर्व्हर म्हणतात. घरातील फोन आणि लॅपटॉप आपापले कागद, छायाचित्रे, आवाज त्याच्या स्वाधीन करतात. इंटरनेटवर अशी जागा महिन्याच्या भाड्याने मिळते, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्याचे घरही सरकारचे, त्याचे कागद तरी स्वतःच्या छपराखाली असावेत, अशी हौस मला आहे. (कचेरीचा एकही कागद त्यात नाही, हे वरिष्ठांच्या माहितीसाठी नमूद करतो.)

शेजारच्या टेबलावरील स्नेह्याने मोडीत निघालेला मोठा संगणक घेण्याचा सल्ला दिला. किंमत जवळजवळ नाहीच! पण मी कारकून. पेन्सिल हाती घेतल्यावाचून मला चैन पडेना. नुसता बसून राहिला तरी तो सत्तर वॅट खाणार. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ६१३ युनिटे. युनिटास सात रुपये धरले तरी चार हजारांवर जातात. फुकटात मिळालेला हत्ती कसा महाग पडतो, याचा हा हिशेब. नेहरू प्लेसला दोन डिस्कांची तयार पेटीही पाहिली. ती देखणी होती, कामाची होती. पण डिस्कांवाचूनच तिची किंमत ऐकून मी खाली येऊन एक चहा घेतला आणि घरी आलो.

शेवटी निवड झाली ती तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय नावाच्या पट्टीची. तिच्या तिसऱ्या पिढीत एक वैगुण्य होते: नेटवर्क आणि यूएसबी दोन्ही एकाच अरुंद वाटेने जात, त्यामुळे मोठी फाइल पाठविली की खोळंबा होई. २०१९ साली आलेल्या चौथ्या पिढीत ते दूर झाले. लहान डिस्कसह सारा संसार सात-आठ वॅटांत भागतो. वर्षाला सुमारे सत्तर युनिटे. देवघरातल्या जुन्या झिरोच्या दिव्याला याहून अधिक वीज लागे.

मात्र दोन डिस्का एकदम जोडल्या तेव्हा दुसरी मधूनच नाहीशी होऊ लागली. तीन रात्री मी आज्ञावल्या तपासण्यात घालविल्या. दोष साधाच निघाला. त्या पट्टीच्या चारही यूएसबी तोंडांतून मिळून सव्वा अँपिअरच्या आतच वीज मिळते. दोघींचे पोट त्यात भरेना. वेगळ्या विजेवर चालणारा हब आणला आणि भांडण मिटले.

दोन्ही डिस्कांवर एकाच वेळी सारखेच लिहिले जावे, असा आरसा बसविण्याचा मोह मला झाला होता. पण मुलीने चुकून एखादी फाइल पुसली, तर आरसाही ती इमानाने पुसणार! म्हणून दुसऱ्या डिस्कवर दर रात्री वेगळी प्रत जाते, आणि पुसलेले तीस दिवस राखले जाते.

खरी अडचण यंत्राची नव्हती. कचेरीत फाइलींचे वर्ग असतात: 'ए' आणि 'बी' जपायच्या, 'सी' ठराविक मुदतीनंतर, फार तर दहा वर्षांनी, नष्ट करायच्या. घरी मी तसेच करू गेलो. विजेची बिले 'सी'त गेली. सहलीची एकसारखी चारशे छायाचित्रेही. पण आजीच्या ओवीच्या शेवटी कोणीतरी खोकते, मागे कुकरची शिट्टी होते. ते कापून टाकावे की ठेवावे? सौ. म्हणाली, "अहो, तो खोकला अण्णांचा आहे." मग काही कापले नाही.

रजा प्रवास सवलतीवर यंदा साताऱ्यास गेलो तेव्हा तिसरी प्रत बरोबर नेली. या खेपेस रजईत नव्हे, मांडीवर. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली, वीज किती लागते ते विचारले. कपाटात नुसती ठेवली तर मुळीच लागत नाही, असे सांगताच त्यांचे समाधान झाले. जेथे सातबाराचे उतारे असतात त्या पत्र्याच्या पेटीत त्यांनी ती ठेवली, आणि कागदाची चिठ्ठी फाडून आपल्या मास्तरी अक्षरात लिहिले: 'आईच्या ओव्या. एकूण सहा.' खाली तारीख घातली.