शवाचे मौन

जठारपेठेतील आमच्या सायंकाळच्या बैठकीत एखाद्या खुनाची वार्ता निघाली, की कोणी तरी म्हणतोच, "शवविच्छेदन झाले की सारे उघड होईल!" आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच मानीत आलो. शस्त्राने आलेल्या मरणाबाबत ते बव्हंशी खरेही आहे. चिरलेली जखम धारेची साक्ष देते, फुटलेली कवटी लाठीची. आणि तळहातावरील वार सांगतात, की मृताने आपला मृत्यू अडवू पाहिला होता.

परंतु विष पुष्कळदा मुके असते. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे १९५६ च्या नोव्हेंबरात डॉ. अनंत लागू यांजबरोबर आगगाडीने मुंबईस निघाल्या आणि दुसऱ्याच दिवशी तेथील रुग्णालयात खोट्या नावाखाली वारल्या. शव बेवारस ठरले; दहा दिवसांनी झालेल्या विच्छेदनातूनही विष सापडले नाही. इकडे बाईंच्या नावे पत्रे येत राहिली, की आपण पुनर्विवाह करून सुखात आहोत! दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात होती. अशा परिस्थितिजन्य पुराव्यावरच सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली बहुमताने फाशी कायम केली.

शव बोलले नाही, "बाई आहेत कोठे?" असे विचारणारी माणसे बोलली, म्हणून तपास झाला.

आमच्या गल्लीतील एका वृद्ध बाईंच्या दारास दोन महिने कुलूप आहे. मुलाकडे गेल्या असतील, असे आम्ही खुशाल समजून चाललो होतो. उद्या सकाळी शेजारी विचारावयास जाणार आहोत.